लाल शिक्क्याची पुस्तकं

संपादकांचं पत्र आलं: ग्रंथपालाच्या नोकरीतले गमतीदार अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून पाठवा. गमती पुष्कळ आहेत. पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली वाळकी पोळी मला सापडली आहे, लग्नाच्या मुलीचा फोटो सापडला आहे. एकदा तर एका प्रवासवर्णनात कवळी सापडली. तिचे मालक ती न्यायला आले तेव्हा तोंड घट्ट मिटून नुसते हातवारे करत होते. पण लिहायला बसलो की या गमती बाजूला सरतात आणि एक लाल शिक्का डोळ्यांपुढे येतो. तो मीच यवतमाळहून करवून आणला होता आणि त्याच्यापायी एक बाई जिवाला मुकणार होती. ही गंमत आहे का, ते संपादकांनी ठरवावं.

आमचा यवतमाळ जिल्हा नागपूरच्या राज्यातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी दिग्रसच्या एका वाचनालयात लागलो. वाचनालय म्हणजे कापूसबाजाराच्या मागे दोन खोल्या आणि सहा कपाटं. पाटीवर ग्रंथपाल लिहिलेलं असलं तरी झाडू मारणारा मीच आणि पुस्तकं बांधणाराही मीच. लोकांना वाटतं, काय मजा आहे, दिवसभर वाचत बसायचं! दिवसभर मी खळ ढवळायचो. मैद्याची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद. मोरचूद विसरलात तर वर्षभरात कसर लागते आणि चांगलं जाडजूड पुस्तक चाळणी होऊन हातात येतं.

दुपारी वाचनालय बंद असायचं, तेवढा वेळ माझा. शाळेतल्या धड्यांपलीकडे पुस्तक असतं हे मला इथं येऊन कळलं. चंद्रावरची सफर, समुद्रातले मासे, भुताचा वाडा, मधमाश्यांचा संसार, खुनाचा तपास, विहिरीला पाणी कुठं लागेल याची माहिती, जे हाताला लागेल ते मी आधाशासारखं वाचलं. खरं सांगायचं तर मधमाश्यांचं पुस्तक मला भुतापेक्षा अद्भुत वाटलं होतं. पुढे सरावलो आणि पहिली वीस पानं चाळून पुस्तक कुठल्या कपाटात जायचं ते ठरवू लागलो. धंद्यात माणूस हुशार होतो तो असा.

शिक्क्याचं कारण घडलं ते एका काटेवाल्यामुळे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलणारा हा धिप्पाड माणूस. त्यानं एक कादंबरी नेली. तिच्यातली नायिका क्षयानं अंथरुणाला खिळलेली, पुण्याच्या एका गल्लीत राहणारी. पंधरा दिवसांनी तो वाचनालयात आला तो चक्क रागावून.

"मास्तर, थे बाई कुठी राह्यते आता? म्या तूप पाठवलं तिले, घरच्या म्हशीचं. डबा वापस आला ना!"

कादंबरीत दिलेल्या पत्त्यावर त्यानं पार्सल केलं होतं. डब्यावर पोस्टाचा शेरा होता, असा पत्ता नाही. मी त्याला समजावलं की बाबा, ही बाई नाहीच, लेखकानं मनानं रचली. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खाली बसला. एवढा मोठा माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे मेली बी नाई अन् जगली बी नाई?" एवढंच म्हणाला.

आमचे चिटणीस नानासाहेब, निवृत्त हेडमास्तर, त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. कादंबऱ्यांवर त्यांचा आधीच राग. त्यांनी समितीकडून ठराव करून घेतला: प्रत्येक कथा-कादंबरीच्या पहिल्या पानावर 'कल्पित वाङ्मय' असा शिक्का मारावा, म्हणजे भाबड्या वाचकांची फसगत होणार नाही. मला ठराव पटला, हे कबूल करतो. गोल शिक्का करवून आणला, भोवती वाचनालयाचं नाव, मध्ये ते दोन शब्द. शाई लाल हवी असा माझाच आग्रह होता, उठून दिसावी म्हणून.

महिनाभर मी शिक्के मारत होतो. रशियानं आकाशात माणूस पाठवल्याची बातमी आली, त्या दिवशी आमचे एक वर्गणीदार, शिवणकाम करणारे, अवकाशप्रवासाची शिक्का मारलेली कादंबरी घेऊन आले आणि टेबलावर आपटून म्हणाले, "खोडा आता तुमचा शिक्का!" मी हसलो. हसायला नको होतं, पण तेव्हा मी फार निश्चिंत होतो.

वाचनालयाची एक फिरती पेटी असायची. पत्र्याच्या पेटीत तीस पुस्तकं घालायची आणि महिन्यातून एकदा एखाद्या वस्तीला नेऊन द्यायची, जुनी परत आणायची. मी एसटीच्या टपावर सायकल टाकायचो, फाट्यावर उतरायचो आणि तिथून पेटी सायकलवर बांधून कोसभर चालायचो. माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे बंजाऱ्यांचा एक तांडा. यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. आता हे शेती करून राहत होते, पण दूरच्या मुलखाची गोष्ट निघाली की कान टवकारायचे.

तांड्यात वाचता येणारा एकच, थावरा. चौथी शिकलेला, हंगामात जिनिंगमध्ये कामाला जाणारा. दुपारी कामं आटोपली की तो निंबाखाली बसून एक पान मराठीत वाचायचा आणि मग तेच गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत, सांगायचा. पुढे वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांत पुढे त्याची आई, नाव गमली, तिला सारा तांडा याडी म्हणायचा, म्हणजे आई. मीही याडीच म्हणू लागलो. थावराची बायको चांदी जरा मागे, हातातलं भरतकाम चालू ठेवून ऐकायची. तिला बोलताना मी क्वचितच ऐकलं असेल.

पेटी परत आणली की मी पुस्तकं तपासायचो. या तांड्याहून आलेल्या कादंबऱ्या हाताळून मऊ पडलेल्या असत. काहींच्या पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं. माहितीची पुस्तकं मात्र जशी नेली तशी कोरी. मी नानासाहेबांना ऐटीत म्हणालो, "बघा, शिक्का असूनही लोकांचं कादंबरीवर किती प्रेम आहे!" एका घरात मुलगी झाली तेव्हा तिचं नाव एका कादंबरीतल्या चंद्रा नावाच्या नायिकेवरून ठेवलं. मी पेढा खाल्ला आणि धन्य झालो. एवढ्या खुणा समोर असून मला काही कळलं नाही.

त्या महिन्यात मी पेटी घेऊन पोचलो तेव्हा निंबाखाली कुणी नव्हतं. याडी एकटी बसली होती. थावरा कुठंय विचारलं.

"बायकोले घेऊन गेला विहिरी पाह्याले," ती म्हणाली. "आज पाचवी. मंग दोन राह्यतीन."

"कसल्या विहिरी?"

"तिले कुत्रं चावलं ना, मास्तर. पिसाळलेलं व्हतं. आज सहा दिस झाले. चावलं अन् तिसऱ्या दिशी मेलं थे कुत्रं."

मी विचारलं, औषध काय दिलं? याडीनं शांतपणे सांगितलं, "थे बैलवाल्यानं केलं, तेच. सात विहिरीत वाकून पाह्याचं, सकाळी जडी खायाची. थो बरा झालता का नाई?"

बैलवाला कोण, हे समजायला मला एक क्षण लागला. तो आमच्या पेटीतल्या एका कादंबरीचा नायक होता. बैलांचा तांडा घेऊन मीठ न्यायचा. वाटेत त्याला पिसाळलेलं कुत्रं चावतं, एक बैरागी त्याला जडी देतो आणि सात विहिरींत डोकावायला सांगतो, आणि तो खडखडीत बरा होऊन पुढच्या प्रकरणात लग्न करतो. ती कादंबरी मी दोनदा वाचली होती. मला ते प्रकरण फार आवडायचं.

एवढ्यात थावरा आणि चांदी आले. चांदीच्या पोटरीवर फडकं बांधलेलं, तोंड उन्हानं लाल झालेलं. मी ओरडलोच, "थावरा, पेटीत आरोग्याचं पुस्तक दिलं होतं ना मी? त्यात लिहिलंय, कुत्रं दहा दिवसांत मेलं तर जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन सुया घ्यायच्या. तू वाचलं नाहीस?"

"वाचलं ना. सगळ्यायले वाचून दाखवलं."

"मग?"

"मास्तर, त्याच्यावर मोहोर कुठी व्हती?"

मी म्हणालो, कसली मोहोर? थावरानं घरातून बैलवाल्याची कादंबरी आणली, पहिलं पान उघडलं आणि माझ्या लाल शिक्क्यावर बोट ठेवलं. मग आरोग्याचं पुस्तक उघडून दाखवलं. पहिलं पान कोरं होतं.

"हे मोहोरेचं. हे बिनमोहोरेचं. बिनमोहोरेच्या कागदावर माह्या बापाची जमीन गेली, आज्याची बी गेली. तहसीलीत साहेब हेच पुसते, मोहोर हाय का? तुमी इतकी मेहनत करून एकेका बुकावर लाल मोहोर मारता, थे कायले? साची वात, खरी गोष्ट असंन म्हनूनच ना?"

"अरे, पण त्यावर शब्द काय आहेत?"

"कल्पित वाङ्मय. लय मोठा शब्द. आमी म्हनलं, सरकारीच असंन."

आयुष्यात मला इतका धक्का दुसरा बसलेला नाही. तीन वर्षं मी या लोकांकडे पेटी आणत होतो. तीन वर्षं त्यांनी माझ्या सगळ्या खोट्या गोष्टी खऱ्या धरल्या होत्या आणि सगळ्या खऱ्या गोष्टी वाऱ्यावर सोडल्या होत्या, आणि तेही माझ्या शिक्क्यावर विश्वास ठेवून. शाई लाल हवी म्हणणारा मीच.

मी सांगू लागलो की शिक्का म्हणजे उलटं, शिक्क्याचं ते खोटं. कुणी मानेना. माणसं जमली होती. एकजण म्हणाला, मास्तर घाबरून बोलून राह्यले. दुसरा म्हणाला, खोट्यावर मोहोर कोण मारते? याडीनं तर निकालच दिला: "दोन विहिरी राह्यल्या. आता मधात सोडल्या तं पोरगी हातची जाईन." फाट्यावरून परतीची एसटी तीन वाजता होती. ती चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. सहा दिवस गेलेच होते.

वाटेत कुणी नवं पुस्तक भेट दिलं तर म्हणून शिक्का आणि शाईची डबी माझ्या पेटीतच असायची. मी वहीचं एक पान फाडलं, त्यावर ठळक अक्षरांत एक ओळ लिहिली, खाली शिक्का मारला आणि कागद थावराच्या हातात दिला. म्हणालो, "वाच मोठ्यानं."

सवयीनं तो आधी मराठीत वाचू लागला. "थावरा राठोड मेला." आणि तिथंच थांबला. गोरबोलीत सांगायला त्याचं तोंड उघडेना.

एवढं मराठी सगळ्यांना कळत होतं. चांदीच्या हातातला तांब्या खाली पडला. याडी उठली ती थेट माझ्या अंगावर आली. माझ्या सदऱ्याला धरून म्हणाली, "जिभेले काई हाड हाय का तुह्या? माहा एकुलता एक पोरगा हाय, अन् तू काहून असं अभद्र लिहितं?"

"याडी, थावरा जिता आहे का मेला?"

"जिता हाय! समोर उभा हाय!"

"कागदावर मोहोर आहे का?"

तिनं कागदाकडे पाहिलं. शाई अजून ओली होती.

"तीच मोहोर आहे का, बघ. मी तुझ्यासमोर मारली. आता सांग, मोहोरेचं खरं का खोटं?"

सदऱ्यावरची तिची मूठ सुटली. माणसं एकमेकांकडे बघत राहिली. जित्या माणसाचं मरण लिहिणं मलाही सोपं गेलं नव्हतं. मग याडीनं हलक्या आवाजात विचारलं, "मंग बैलवाला?"

"नव्हताच तो, याडी."

"अन् चंद्रा? आगीत जळली थे?"

"तीही नव्हती."

"तिच्या नावानं पानी सोडलं आमी. नदीवर जाऊन. अन् थो आंधळा म्हातारा?"

मी मान हलवली. ती एकेक नाव घेत गेली आणि मी एकेकाला नाही म्हणत गेलो. शेवटी ती खाली बसली आणि म्हणाली, "तीन सालात आनलेली मानसं तू एका घडीत मारून टाकली, मास्तर."

मी थावराला ओरडून म्हणालो, बैलगाडी जुंप. एसटी आम्हाला मिळाली, पण थोडक्यात. कंडक्टरनं आम्हाला बघितलं आणि सुटलेली गाडी थांबवली. दिग्रसहून पुढे यवतमाळपर्यंत मी बरोबर गेलो. चांदी खिडकीशी बसली होती, थावरा तिच्याकडे बघायला धजत नव्हता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, सहा दिवस काय करत होतात?

पोटात रोज एक, अशा चौदा सुया. पंधरा दिवस ती दोघं धर्मशाळेत राहिली. सुया पूर्ण झाल्या तरी भीती संपत नाही, हे मी त्या बिनमोहोरेच्या पुस्तकात पुन्हा पुन्हा वाचलं. पुढचे कित्येक महिने मी बाजारच्या दिवशी तांड्याचं माणूस शोधायचो आणि आधी हेच विचारायचो, चांदी पाणी पिते ना? पाण्याला भीत नाही ना? लोक हसायचे. ती जगली.

नानासाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठराव माझा होता." ते तसं म्हणाले याबद्दल मी त्यांना आजही मानतो. शिक्का आम्ही बंद केला. पण मारलेले शिक्के पुसायचे कसे? मी सगळी पुस्तकं पुन्हा काढली आणि या वेळी वीस पानांवर न थांबता शेवटपर्यंत वाचली. वर्ष गेलं त्यात. शिक्का मारलेल्या एका कादंबरीत नांगरटीची इतकी अचूक माहिती निघाली की ती शेतीच्या कपाटात शोभली असती. आणि एका थोर पुरुषाच्या बिनशिक्क्याच्या चरित्रात अशा थापा होत्या की मला घाम फुटला. आधी वाचताना हे मला कसं दिसलं नाही, कोण जाणे.

तांड्यानं मात्र पेटी घेणं थांबवलं. मी गेलो तर थावरानं हात जोडले. "कोनी ऐकत नाई आता, मास्तर. म्या बसलो का पुसते, हे साची का झूट? म्या कसं सांगू?" पेटी तशीच सायकलवर बांधून मी परत आलो. एक जीव वाचला होता, आणि तरी त्या वाटेनं मी रडत आलो हे खरं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, दुपारी दार लोटून मी खळ ढवळत होतो. दारात चांदी उभी. थावरा बैलाला पेंड घ्यायला गेला होता. ही माझ्याशी कधी न बोललेली बाई सरळ आत आली आणि म्हणाली, "मास्तर, शिक्केवालं बुक वाचा ना. बैलवाल्याचं."

"अगं, ते खोटं आहे. तुला तर माहीत आहे."

"मालूम हाय. पर त्याची याद येते."

मी हात धुतले, कपाटातून पुस्तक काढलं. ती उंबऱ्याच्या आत बसली. मी पहिल्यापासून वाचू लागलो. मिठाच्या गोण्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, नदीचा उतार. तिचे ओठ हलत होते, तिला पुढचं ठाऊक होतं. मग ते प्रकरण आलं. कुत्रं झुडपातून निघालं आणि बैलवाल्याच्या पोटरीला चावलं. मी पान उलटलं. बैरागी येणार, जडी देणार, सात विहिरी सांगणार.

"थांबा," चांदी म्हणाली. तिचा हात आपोआप पोटरीवर गेला होता. "त्याले सांगा ना, मास्तर. विहिरीच्या नादी नको लागू म्हना. यवतमाळले जाय म्हना. चौदा सुया लागतात, दुखते, पर मानूस वाचते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तो नव्हताच हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तो मरू नये म्हणून ती जीव तोडून सांगत होती.

पुस्तकातला शब्द बदलायचा नाही, फाटलेल्या पानावरही अंदाजानं काही लिहायचं नाही, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. तो मी चौतीस वर्षं पाळला, त्या एका दुपारचा अपवाद सोडून. बोट बैराग्यावर तसंच ठेवून मी वाचलं, "मग बैलवाल्यानं बैल झाडाला बांधले, आणि तो तीनची एसटी धरून यवतमाळला गेला."

चांदीनं मोठा श्वास सोडला. "हं," ती म्हणाली, "वाचा आता पुढं."